पोरं सुटत का नाहीत? ‘ट्रेनस्पॉटिंग’ मराठवाड्यात बसून वाचताना

नशेच्या नादी लागलेल्या पोराच्या घरी गेलात की एक वाक्य हमखास कानावर येतं. “आमचं लेकरू तसं नव्हतं हो, संगतीनं वाया गेलं.” आता त्याच कट्ट्यावर बसणाऱ्या दुसऱ्या पोराच्या घरी जा. तिथंही हेच वाक्य. चार दोस्तांच्या चार आया उरलेल्या तिघांकडं बोट दाखवतात आणि चौघींचंही म्हणणं अर्धं खरं असतं. संगत कारणीभूत असतेच. पण त्या चौकडीत बाहेरून आलेला, बिघडवणारा असा वेगळा कुणी शोधून सापडत नाही. तिथं प्रत्येक जण दुसऱ्याची संगत असतो.

हा गुंता मला सगळ्यात नीट उलगडून दाखवला तो स्कॉटलंडमधल्या एका कादंबरीनं. आयर्विन वेल्श यांची ‘ट्रेनस्पॉटिंग’, १९९३ साली आलेली, त्यांची पहिलीच कादंबरी. १९९६ साली तिच्यावर सिनेमा निघाला आणि आपल्याकडच्या बऱ्याच जणांना तेवढाच माहीत असतो. सिनेमा पळता आहे, गाणी भारी आहेत, पोरं दिसायलाही बरी आहेत. पुस्तक त्याहून पुष्कळ कडू आहे. ते एकसलग गोष्ट सांगत नाही. तुकड्यातुकड्यांनी जातं, दर तुकड्याला बोलणारा बदलतो आणि बहुतेक मजकूर पुस्तकी इंग्रजीत नसून तिथल्या गल्लीतल्या बोलीत आहे. नांदेड-लातूरच्या बोलीत, शिव्यांसकट, कुणी सव्वातीनशे पानं लिहिली तर पुण्याच्या वाचकाचं जे होईल, तेच लंडनच्या वाचकाचं झालं असणार. पुढं शेवटही सांगणार आहे. ज्याला आधी वाचायची आहे त्यानं इथंच थांबावं.

लीथ हे एडिनबराचं बंदर. एडिनबरा म्हणजे किल्ला, पर्यटक, उन्हाळ्यातला मोठा कलामहोत्सव. लीथ म्हणजे गोदी, जहाजं आणि कामगारांच्या वस्त्या. तिथला शेवटचा जहाजबांधणी कारखाना १९८४ साली बंद पडला. त्याच्या दोनच वर्षं आधी ब्रिटनमधल्या बेकारांचा आकडा तीस लाखांवर गेला होता. बापाकडं हातात हुन्नर होता, पोराकडं बेकारभत्ता. आणि नेमक्या याच वर्षांत इराणमधली १९७९ ची क्रांती आणि अफगाणिस्तानातलं युद्ध यांच्या मागोमाग तिकडचं तपकिरी हेरॉईन स्वस्तात युरोपभर पसरलं. हीच पूड त्याच दशकात आपल्याकडं ‘गर्द’ म्हणून मुंबई-पुण्यात आली. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं ते याच लाटेच्या तडाख्यात. म्हणजे लीथची गोष्ट आपल्यापासून वाटते तितकी लांबची नाही.

टोळकं असं आहे. मार्क रेंटन हुशार, विद्यापीठात जाऊन अर्ध्यावर सोडून आलेला, सगळ्यांवर शेरे मारणारा. सिक बॉय देखणा आणि पक्का स्वार्थी. स्पड भोळसट, मांजरावरही जीव लावणारा, भुरट्या चोऱ्या करून तुरुंगात जाणारा. टॉमी व्यायाम-खेळातला, या भानगडीपासून लांब असलेला. आणि बेग्बी. बेग्बी हेरॉईनला हातही लावत नाही, घेणाऱ्यांना तोंडावर शिव्या देतो आणि दारू पिऊन कुणाच्याही तोंडावर ग्लास फोडतो. यांच्यात मुली आहेत, त्यांच्या तोंडचे तुकडेही आहेत. पण टोळक्याच्या दोस्तीत त्यांना जागा नाही. त्यांच्या वाट्याला त्या दोस्तीचा खर्च येतो. हे आपल्याकडं वेगळं सांगायला नको.

आता मूळ प्रश्न. ही पोरं एकत्र का आहेत? एकमेकांवर त्यांचं फार प्रेम आहे असं पुस्तक वाचून वाटत नाही. रेंटन तर बेग्बीबद्दल पोरांनी रचून ठेवलेल्या दंतकथा एकेक करून सोलून काढतो. बेग्बी विनोदी आहे, बेग्बी दोस्तांच्या पाठीशी उभा राहतो, बेग्बीवर दोस्तांचा जीव आहे, अशी एकेक समजूत आणि तिच्यासमोर खरी गोष्ट. खरं इतकंच की सगळे त्याला घाबरतात. तरीही सगळे मिळून त्याच्या मोठेपणाच्या कथा सांगत राहतात. कारण त्या कथा संपल्या तर ते टोळकंच संपेल, आणि टोळकं संपलं तर उद्या सकाळपासून रात्रीपर्यंत करायचं काय?

मला वाटतं कादंबरीचा पाया इथं आहे. या पोरांकडं पैसा नाही, काम नाही, पण वेळ मात्र अफाट आहे. रिकामा वेळ एकट्यानं घालवणं माणसाला जमत नाही. हेरॉईन त्या वेळाला आकार देतं. उठायचं, पैसे जमवायचे, माल कुणाकडं आहे ते शोधायचं, तिथं जायचं, वाट पाहायची, घ्यायचं, आणि उतरायला लागलं की पुन्हा पहिल्यापासून. ही जवळजवळ नोकरी झाली. हजेरी, धावपळ, सहकारी, सगळं आहे. फक्त पगार उलट्या दिशेनं जातो.

यातला एक प्रसंग मराठवाड्यातल्या कुठल्याही पदवीधराला हसवता हसवता टोचेल. रेंटन आणि स्पड एकाच जागेसाठी मुलाखतीला जातात. दोघांनाही ती नोकरी नको आहे. पण प्रयत्नच केला नाही असं दिसलं तर बेकारभत्ता बंद होईल. म्हणून नापास तर व्हायचं, पण मनापासून प्रयत्न करून नापास झाल्यासारखं दिसलं पाहिजे. स्पड त्यासाठी तरतरी आणणारी नशा करून जातो आणि मुलाखत घेणाऱ्यांसमोर सुसाट बडबडत सुटतो.

आपल्याकडचं चित्र वरवर पाहता उलटं आहे. इथं नोकरी हवी असते, जीव तोडून हवी असते. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले. छत्रपती संभाजीनगरच्या, लातूरच्या अभ्यासिकांमध्ये कोपऱ्यातली खुर्ची धरून वर्षानुवर्षं बसलेली पोरं पाहिली की कळतं, हाही एक अफाट रिकामा वेळच आहे, फक्त त्याच्यावर पुस्तकं रचलेली आहेत. गावाकडं ‘पोरगं तयारी करतंय’ असं सांगायची सोय होते. बाप दुष्काळातनं वाचलेल्या सोयाबीनचे पैसे धाडतो, नाहीतर आई बचत गटातनं उचलून देते. जाहिरात लांबते, पेपर फुटतो, निकाल कोर्टात अडकतो, वय वाढतं, लग्नाचं कुणी विचारत नाही. संध्याकाळी सात वाजता अभ्यासिकेच्या खालच्या टपरीवर चौघं जमतात आणि एक जण म्हणतो, “बसायचं का आज?” त्या ‘बसण्या’त दारू किती आणि दिवसभरात आपल्याशी कुणीतरी माणसासारखं बोललं याचा दिलासा किती, याचं माप कुणी घेतलेलं नाही.

फरक मांडायचा तर इथला मालही वेगळा आहे. लीथमध्ये हेरॉईन. आपल्याकडं मुख्य दारू, तीही क्वार्टरच्या मापानं. तंबाखू-मावा तर नशेत धरतच नाहीत. अनोळखी माणसाशी बोलणं सुरू करायची ती पहिली पायरी असते. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि तो कुठल्या टपरीवर मिळतो हे शाळकरी पोरगंही सांगेल. शिवाय शहरांत झोपेच्या गोळ्या, ज्यांना छत्रपती संभाजीनगरच्या गल्ल्यांत ‘बटन’ म्हणतात, आणि खोकल्याचं सिरप. एम्सच्या तज्ज्ञांनी केंद्र सरकारसाठी देशभर पाहणी केली होती, तिचा अहवाल २०१९ साली आला. त्यानुसार १० ते ७५ वयातले १४.६ टक्के, म्हणजे सुमारे १६ कोटी लोक दारू पितात. त्याच अहवालातला दुसरा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांमागं एकालाच कुठलातरी उपचार मिळालेला होता.

थोडं शरीरशास्त्र बघू, कारण ‘इच्छाशक्ती नाही’ या एका शब्दात आपण सगळं गुंडाळतो. आपल्या मेंदूत डोपामाइन नावाचं रसायन आहे. त्याला सुखाचं रसायन म्हणायची पद्धत पडली आहे, पण त्याचं मुख्य काम ‘हे महत्त्वाचं आहे, पुन्हा कर’ असं शिकवण्याचं आहे. वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाचे माकडांवरचे १९९० च्या दशकातले प्रयोग प्रसिद्ध आहेत. दिवा लागला की माकडाला फळांचा रस मिळायचा. सुरुवातीला डोपामाइनच्या पेशी रस मिळाल्यावर पेटायच्या. माकडाला सवय झाल्यावर त्या दिवा लागताच पेटायला लागल्या, रसाला नाही. आणि दिवा लागूनही रस आला नाही, तर त्या वेळी नेहमीपेक्षाही खाली गेल्या.

हा दिवा आपल्या गोष्टीत कोण आहे? दोस्त. अमक्याची बुलेट वळणावर वाजली, तमक्याचा मिस्ड कॉल आला, ढाब्याच्या पत्र्याखालची ती ठरलेली खाट दिसली, की घोट पोटात जायच्या आधीच मेंदूनं तयारी केलेली असते. मग ‘आज नको’ म्हणणाऱ्याला जी तडफड होते ती नाटकी नसते. दिवा लागलेला असतो आणि रस आलेला नसतो.

वरून सहनशक्ती वाढण्याचा प्रकार. डीजेच्या भिंतीला लागून ज्याचं घर आहे त्याच्या कानाला जसं हळूहळू साधं बोलणं ऐकू येईनासं होतं, तसं रोजच्या नशेनं मेंदू बधिर होतो. मग पूर्वीच्या मापानं काही होत नाही, आणि साध्या गोष्टींत, जेवणात, क्रिकेटमध्ये, लेकराच्या हसण्यात, रस राहत नाही. व्यसन ओळखायच्या खुणा याच. तल्लफ आवरत नाही, माप वाढत जातं, थांबवलं की अंग बंड करतं, नुकसान डोळ्यांसमोर दिसत असूनही चालूच राहतं, आणि बाकी सगळं आयुष्य हळूहळू बाजूला सरकतं.

पोरांचं वय इथं स्वतंत्रपणे भर घालतं. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकावर गाडी चालवायचा खेळ, पिवळा दिवा लागल्यावर किती धोका पत्करायचा ते खेळणाऱ्यानं ठरवायचं. एकटे असताना तेरा ते सोळा वर्षांची पोरं आणि मोठी माणसं यांच्यात विशेष फरक नव्हता. बरोबरीचे मित्र पाहत असताना मात्र पोरांनी जास्त धोका घेतला, कॉलेजच्या वयातल्यांनीही घेतला, आणि चोविशीच्या पुढच्यांवर मित्रांच्या नजरेचा जवळपास काही परिणाम झाला नाही. ‘एकटा असताना शहाणा असतो हो’ असं आई म्हणते, ते अगदी बरोबर आहे.

आणि एक गोष्ट जी कॉलेजातल्या व्यसनमुक्तीच्या भाषणात कधीच सांगत नाहीत, ती वेल्श पहिल्या काही पानांतच सांगून टाकतात. नशेत सुख असतं. असतं म्हणूनच माणूस तिकडं जातो. पोस्टरवर कवटी काढली की ज्यानं एकदा चव घेतली आहे त्याला कळतं की ही माणसं आपल्याशी खोटं बोलत आहेत, आणि मग आपलं खरंही तो ऐकत नाही. रेंटनला समुपदेशकांकडं पाठवतात तेव्हा प्रत्येक जण आपापल्या पुस्तकातलं कारण त्याच्यावर बसवतो. तो सगळ्यांची खिल्ली उडवतो. धुलाई यंत्र, गाडी, घराचे हप्ते, सोफ्यावर बसून टीव्ही बघत म्हातारं होणं, हे ‘निवडा’ म्हणता, मी नाही निवडत. त्याच्या या बोलण्याचे टी-शर्ट निघाले आणि इथंच बरेच वाचक फसतात. रेंटन बोलतो छान. पण पुढची पानं दाखवतात की न निवडणाऱ्याला काय काय निवडावं लागतं.

कादंबरीच्या सुरुवातीलाच माल पुरवणारा जॉनी स्वॉन एक गोष्ट ऐकवतो. या धंद्यात दोस्त नसतात, फक्त ओळखीचे असतात. स्वॉन हा रेंटनचा खरोखरचा जुना मित्र आहे, म्हणून ते झोंबतं. नशा दोस्तीचा हा असा वापर करते. सुरुवातीला दोस्त म्हणून एकत्र घेतात. मग घ्यायचं म्हणून एकत्र येतात. मधली रेघ कधी ओलांडली ते कुणालाच आठवत नाही.

ती रेघ कुठवर जाते याचा सगळ्यात भयंकर प्रसंग म्हणजे डॉन नावाच्या तान्ह्या मुलीचा मृत्यू. पोरं नशेत पडलेली असताना पाळण्यात लेकरू गेलेलं असतं. आई, लेस्ली, किंचाळते, आणि थोड्या वेळानं म्हणते की मला एक डोस हवा. रेंटन तो बनवायला बसतो. त्याच्या मनातलं वाक्य असं की तिला मिळेल, पण माझ्यानंतर, हे काय सांगायला हवं. लेखक त्यावर एक अक्षरही भाष्य करत नाही. नशेत माणसाची माया मरत नाही, रेंटनला वाईट वाटतंच आहे. फक्त रांगेत मायेचा नंबर दुसरा लागतो.

आणि सुया. १९८० च्या दशकात एडिनबरात पोलिसांच्या कारवाईमुळं स्वच्छ सुया-सिरिंज मिळणं अवघड झालं. पोरं एकाच खोलीत बसून एकच सिरिंज फिरवायला लागली. तिथल्याच एका वस्तीतल्या दवाखान्यातून डॉ. रॉय रॉबर्टसन आणि सहकाऱ्यांनी १९८६ साली निष्कर्ष छापले. तपासलेल्या १६४ हेरॉईन घेणाऱ्यांपैकी ५१ टक्के लोकांना एचआयव्हीची लागण झालेली होती. ‘माझी घे’ म्हणून मित्राला आपली सिरिंज देणं, हा टोळक्यातला सगळ्यात उदार हात, आणि विषाणू नेमका त्या हातातून गेला. कादंबरीत टॉमीचं तेच होतं. मैत्रीण सोडून गेल्यावर तो रेंटनकडं येतो आणि म्हणतो, मलाही दे. रेंटन कां-कू करतो आणि देतो. नाही कसं म्हणायचं, दोस्त मागतोय. निरोगी, खेळकर टॉमी काही महिन्यांत एचआयव्ही घेऊन एका गार खोलीत पडलेला असतो. रेंटन त्याला भेटायला जातो, तो प्रसंग मी सलग वाचू शकलो नाही.

म्हणून ‘वाईट संगत’ हे शब्द मला अपुरे वाटतात. टॉमीला वाईट माणसानं बिघडवलं नाही. त्याच्या चांगल्या मित्रानं, त्याच्या दुःखावर जवळ असलेलं एकमेव औषध त्याला दिलं. आपल्याकडं कुणाचं लग्न मोडलं, कुणाचा कापूस बुडाला, कुणी दोन मार्कांनी राहिला, की दोस्त जे औषध आणतात ते कागदात गुंडाळलेलंच असतं. रडणाऱ्या गड्याला जवळ घेऊन बसायची दुसरी रीत आपल्या पुरुषांना कुणी शिकवलेलीच नाही. दारूनं गेलेल्या दोस्ताच्या दहाव्याला, त्याच संध्याकाळी, त्याच्याच आठवणीत बसणारी मंडळी मी पाहिली आहेत. त्यांना त्यात विसंगती दिसत नाही. त्यांच्या लेखी तीच श्रद्धांजली असते.

बेग्बीकडं परत यावं लागेल, कारण तो नसता तर ही कादंबरी फक्त हेरॉईनची झाली असती. बेग्बी ‘स्वच्छ’ आहे. त्याची नशा मारामारी आणि दारू, जी समाजाला चालते. लीथ सेंट्रल हे तिथलं जुनं स्थानक. प्रवासी गाड्या १९५२ सालीच बंद झालेल्या, नुसता सांगाडा उभा. रात्री रेंटन आणि बेग्बी तिथं लघवीला थांबतात. एक म्हातारा दारुडा बाटली घेऊन येतो आणि चेष्टेनं विचारतो, गाड्यांचे नंबर टिपताय की काय पोरांनो? रेल्वेगाड्यांचे नंबर वहीत टिपून ठेवायचा छंद ब्रिटनमध्ये पुष्कळांना असतो. कादंबरीला नाव मिळालं ते त्यावरून. बेग्बी एकदम गप्प होतो. तो म्हातारा त्याचा बाप आहे, हे रेंटनला उशिरा उमगतं. खाली उतरल्यावर बेग्बी रस्त्यानं जाणाऱ्या एका निरपराध माणसाला बडवून काढतो. बापाबद्दल चकार शब्द नाही, दोस्तही विचारत नाही. (बीडच्या वाचकाला हे स्थानक वेगळंच वाटेल. तिथं गाड्या येऊन बंद पडल्या, इथं पहिली गाडी यायलाच १७ सप्टेंबर २०२५ उजाडावं लागलं. येणार येणार म्हणत म्हातारे झालेले, आणि न येणाऱ्या गाडीवर विनोद करणारे इथंही पुष्कळ होते.)

शेवट असा. टोळकं लंडनला जाऊन हेरॉईनचा एक मोठा सौदा करतं. हजारो पौंड हातात येतात. सगळे बेसावध असताना रेंटन पैशांची बॅग उचलतो आणि ॲमस्टरडॅमला निघून जातो. दोस्तांना फसवून. त्याला वाईट वाटतं ते एकट्या स्पडचं.

बरेच जण याला निव्वळ गद्दारी म्हणतात. पुस्तकात मात्र रेंटनचा हिशोब स्पष्ट आहे. बेग्बीच्या कायद्यात दोस्तांचे पैसे खाणं हा सगळ्यात मोठा गुन्हा. म्हणजे आता परत गेलो तर बेग्बी जिवंत सोडणार नाही. म्हणजे आता मी परत जाऊच शकत नाही. त्याला नेमकं तेच हवं असतं. त्यानं याआधी पुन्हा पुन्हा नशा सोडलेली असते. आईबापांनी खोलीत कोंडून घातलं तेव्हाही, छतावर मेलेलं बाळ रांगताना दिसण्याइतके भास सोसून, तो बाहेर आलेला असतो. पण बाहेर म्हणजे कुठं? त्याच गल्लीत, त्याच दोस्तांत. लीथमध्ये मी दुसरा कुणी होऊच शकत नाही, हे त्याला कळलेलं असतं. म्हणून तो परतीचा रस्ताच उखडून टाकतो.

याला आधार देणारी एक खरी घटना आहे. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकी सैनिकांत हेरॉईन फोफावलं. १९७१ साली परतणाऱ्या सैनिकांचा पाठपुरावा ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी केला. साधारण पाचातला एक तिकडं पूर्ण आहारी गेलेला होता. सरकारला धास्ती की आता घरोघर व्यसनी येणार. प्रत्यक्षात, आहारी गेलेल्यांपैकी परतल्यानंतरच्या पहिल्या वर्षात पुन्हा त्या अवस्थेला गेलेले सुमारे पाचच टक्के निघाले. कारणं अनेक होती, घरी हेरॉईन महाग आणि दुर्मीळ होतं हेही त्यातलंच. पण जागा बदलली, सोबती पांगले, सगळे ‘दिवे’ एका विमानप्रवासात मागं राहिले, ही गोष्ट मोठी होती. लीथच्या किंवा लातूरच्या पोराला असं विमान मिळत नाही. केंद्रात महिनाभर राहून तो बरा होतो आणि एसटीतनं उतरतो ते थेट त्याच फाट्यावर, जिथं तिघं जण हसून म्हणतात, “आलास का महाराज? माळ घातली म्हणं!”

रेंटनचा मार्ग मला पटत नाही, हेही सांगून टाकतो. तो हुशार आहे, शिकलेला आहे, परक्या शहरात तगू शकतो. स्पडचं काय? स्पड तिथंच राहतो. कादंबरी त्याच्याबद्दल हळहळते, पण रस्ता दाखवत नाही, आणि तो दाखवणं कादंबरीचं कामही नाही. ते आपल्याला पाहावं लागेल.

पहिली गोष्ट, कोंडून घालून नशा तोडायचा रेंटनच्या घरचा प्रयोग आपल्याकडं करू नये. हेरॉईन एकदम तुटल्यावर हाल भयंकर होतात, तरी तेवढ्यानं निरोगी तरुण सहसा दगावत नाही. दारूचं तसं नाही. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम थांबवली तर दोन-तीन दिवसांत फिट्स येऊ शकतात, भ्रम होऊन जिवावर बेतू शकतं. ‘बटन’च्या गोळ्यांचंही तेच. हे औषधाखाली, डॉक्टरच्या नजरेखालीच व्हायला हवं. दुसरं, काही महिने बंद ठेवल्यावर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. ‘एकदाच, पूर्वीएवढीच’ म्हणून जुन्या मापानं हेरॉईन किंवा गोळ्या घेणारा माणूस मरू शकतो. आग्रह करणाऱ्या दोस्तांना हे ठाऊक नसतं.

पोलिसांची भीतीही पुष्कळांना अडवते. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात कलम ६४-अ आहे. स्वतःच्या वापरासाठी थोडका माल बाळगलेला व्यसनी माणूस आपणहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला गेला, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढूनही घेता येतं. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक त्रासासाठी १४४१६ हे सरकारी क्रमांक फुकट आहेत. छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, तसंच लातूर, नांदेड आणि अंबाजोगाईची वैद्यकीय महाविद्यालयं, इथं मनोविकार विभाग आहेत.

राहता राहिली दोस्ती. अमेरिकेत १९३५ साली दोन दारुड्यांनी एकमेकांना सावरत अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस सुरू केलं. त्यांच्या बैठकी महाराष्ट्रातही चालतात. फी नाही, आडनाव नाही. त्यांच्या लक्षात आलेली गोष्ट अशी की दारू काढून घेतली की माणसाच्या संध्याकाळी रिकाम्या पडतात, आणि त्यात माणसंच भरावी लागतात, तीही जुन्या रात्रींचे किस्से कळणारी. गावात अशी बैठक नसेल तर संध्याकाळी सहा ते नऊची काहीतरी सोय करावी लागते. कबड्डी असो, हरिपाठ असो, रात्रपाळीचं काम असो. जुन्या फाट्यावरून जाणारा रस्ता काही महिने टाळावा लागतो, मग पाच किलोमीटरचा वळसा का पडेना.

आणि कट्ट्यावरचा एखादा जण खरंच मित्र असेल, तर त्याला करता येण्यासारखं एक काम आहे. घरचे लाजेपोटी येत नाहीत आणि पोरगं एकटं जात नाही. अशा वेळी सकाळी लवकर त्याला गाडीवर बसवून ओपीडीला न्यावं, केसपेपरच्या रांगेत त्याच्यासोबत उभं राहावं, आणि आत डॉक्टरनं विचारलं की “तुम्ही पण घेता का?” तर खरं सांगावं. पुष्कळदा एका केसपेपरचे दोन होतात.